कायदेमंडळाला गावात काय म्हणतात?

साहेबांनी माझ्या मसुद्याच्या समासात लाल पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता : ‘कळेल?’

मसुदा नवसाक्षरांसाठीच्या एका छोट्या पुस्तिकेचा होता. राज्य कसं चालतं, ते सोप्या भाषेत सांगायचं होतं. लाल रेघ ओढलेलं वाक्य असं होतं : ‘आपल्या राज्याच्या कायदेमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभा हे खालचे सभागृह आणि विधानपरिषद हे वरचे सभागृह.’ ‘कनिष्ठ’ आणि ‘वरिष्ठ’ काढून ‘खालचे’ आणि ‘वरचे’ घातले, म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होते. याहून सोपं ते काय करायचं?

“कुणाला विचारलंत?” साहेब म्हणाले.

“विचारायचं काय त्यात?”

“मग विचारूनच या.”

उस्मानाबाद जिल्हा निवडला तो एका पत्रामुळं. वाशीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या कांबळे गुरुजींनी आमच्या कार्यालयाला लिहिलं होतं की, तुमच्या आधीच्या पुस्तकातली माणसं आमच्याकडं राहत नाहीत. पत्र वाचून साहेबांना राग यायचा, तर ते हसले आणि मला म्हणाले, “इथंच जा.”

मी मूळची राजापूरकडची. पंधरा वर्षं पुण्यात. दुष्काळ मला माहीत होता तो वर्तमानपत्रातून. “या दिवसांत तिकडं?” असं सगळे म्हणत होते आणि मी मात्र शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी दोन कोऱ्या वह्या पिशवीत टाकून निघाले होते.

ढोकी

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसले. दोन्ही बाजूंनी काळी जमीन. काळ्या जमिनीला एवढ्या भेगा पडतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे जमीन तडकत नाही, वाहून जाते. ढोकीला उतरले तर समोर साखर कारखान्याचं धुराडं, आणि त्यातून धूर नाही. ऊसच नाही तर गाळायचं काय? फाटकापाशी दोन ट्रॅक्टर नुसते उभे होते.

चहाच्या टपरीवर पांढऱ्या फेट्यातले एक वयस्क शेतकरी बसले होते. मी बसल्या बसल्या वही काढली.

“काका, कायदेमंडळ म्हणजे काय, सांगाल?”

त्यांनी बराच विचार केला. “कुठल्या गावचं? आमच्याकडं भजनी मंडळ हाय एक.”

“बरं, विधानसभा माहीत आहे?”

“तर! मागच्या विधानसभेला तर माझी म्हैस व्याली.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण टपरीवरच्या आणखी दोघांनी मान डोलावली. एकानं सांगितलं, त्याच्या पोरीचं लग्न लोकसभेच्या आधी झालं. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. विधानसभा म्हणजे निवडणूक! लोकसभा म्हणजे तिच्याहून मोठी निवडणूक. शाई लागते, जीप येते, भोंगा वाजतो, ती विधानसभा. त्यानंतर मुंबईत एका इमारतीत माणसं बसतात, बोलतात, कायदे करतात, त्याला काही नावच नव्हतं. “आमदार मुंबईला गेलाय” एवढंच. मी इतक्या वेगानं लिहीत होते की चहावर साय आली.

मग सहज विचारलं, “आणि सभासद?”

फेटेवाले काका ताठ झाले. “सभासद म्हंजी आमी! कारखान्याचं.” आणि मग त्यांनी जे सुरू केलं ते ऐकत राहावं असं होतं. सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवस आधी यावी लागते, विषयपत्रिका म्हणजे काय, ठराव मांडणारा एक आणि अनुमोदन देणारा दुसरा कसा लागतो, नामंजूर कसं म्हणायचं. “वर्षातून एक दिस,” ते म्हणाले, “चेअरमनला बी आमच्याकडं तोंड करून उभं ऱ्हावं लागतंय. आमी इचारणार, त्यो सांगणार.”

माझ्या मसुद्यात दोन पानं खर्चून मी हेच समजावत होते, आणि इथं ते चहाच्या बशीतून वाफाळत माझ्यापुढं आलं होतं.

“काका, मुंबईला असंच असतं. आमदार सभासद असतात. ते विचारतात, मंत्री उत्तर देतात.”

“असंच?” त्यांनी बशी खाली ठेवली. “मग तसं सांगायचं की! कायदेमंडळ काय लावलंय मघापासनं?”

भूम

भूमला गेले ती बाजाराच्या दिवशी. भाजीपेक्षा जनावरं जास्त होती, आणि घेणाऱ्यांपेक्षा विकणारे. आमच्याकडच्या आठवडी बाजारात माशांच्या पाट्यांपुढं वाट काढावी लागते. इथं एका बाईपुढं चार कांदे आणि थोड्या वाळल्या मिरच्या होत्या, आणि ती तेवढ्यावर माश्या बसू नयेत म्हणून मन लावून पदर हलवत होती.

मी एका कापडदुकानाच्या पायरीपाशी बसले, पहिल्या माणसाला नाव-गाव विचारलं, आणि वहीत लिहिलं. ही माझी चूक. मान वर केली तर समोर रांग. आधी चार जण, मग दहा, मग मोजता येईनात. एका म्हाताऱ्या बाईनं शाई नसतानाच अंगठा पुढं केला. “लिव्हा, काशीबाई. दोघं हायत आमी. दोघं बी खडी फोडू.”

त्यांना वाटलं होतं की सरकारकडून दुष्काळी कामावर नावं लावायला बाई आली आहे. मी वही मिटली. तेवढ्यात दुकानाच्या आतून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे बाबांनो, ही बाई कामावर घेणारी न्हाय. ही लफ्ज गोळा करणारी हाय!”

कुणी चिडलं नाही. काशीबाईंनी अंगठा मागं घेतला, पदराला पुसला, आणि रांग मोडली. चिडले असते तर बरं झालं असतं. मी वहीतली ती नावं खोडली नाहीत. दुपारी कचेरीत जाऊन नावनोंदणी कुठं होते ते विचारलं, ते कागदावर लिहून दुकानाच्या खांबावर चिकटवलं आणि दुकानदाराला सांगितलं, काशीबाई दिसल्या तर वाचून दाखवा. तेवढंच हातात होतं.

दाढीवाले गृहस्थ म्हणजे शेखसाहेब. निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार होते, म्हणजे साहेबांपुढं कागद वाचून दाखवायचं काम. त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या बेगमनं गुळाचा चहा दिला. दूध नाही म्हणून तिला संकोच वाटत होता.

“हैदराबादेत कानून करायला एक मजलिस होती,” शेखसाहेब म्हणाले. “मजलिस म्हणजे काय, बेटी? बसायची जागा. सगळी बात बसण्याचीच हाय.”

मी कप हातात धरून तशीच थांबले. परिषद म्हणजे भोवती बसणं. संसद म्हणजे एकत्र बसणं. संस्कृत शिकताना हे पाठ केलं होतं आणि विसरून गेले होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चक्क टाळी वाजवली. बेगमला आतून हाक मारली. “ऐकलं का? संस्कृतवाले बी बसलेलेच हायत!”

आम्ही तिघंही हसत सुटलो. मग ते जरा गंभीर झाले. “त्या मजलिशीत लोकांना बसवायचे. आता आपण होऊन बसायचं असतं. नवीन नाव एका दिवसात देता येतं, बेटी. बसायची सवय लागायला उमर जाते.”

वाशीच्या पलीकडे

वाशीच्या फाट्यावर कांबळे गुरुजी सायकल घेऊन आले होते. सायकलवर माझी पिशवी आणि आम्ही दोघं चालत. गुरुजी तिशीतले, कपडे स्वच्छ, बोलणं मोजकं. वडील दुसऱ्याच्या रानात राबले. धर्मांतर झालं तेव्हा गुरुजी शाळकरी होते. आता गावातल्याच शाळेत शिक्षक आणि सुट्टीत मोठ्यांचा साक्षरतेचा वर्ग घेतात. घरी त्यांची थोरली बहीण गयाबाई होती. “जयभीम” म्हणून तिनं दारात माझ्यापुढं पाण्याची कळशी ठेवली.

मी कोकणातल्या सवयीनं त्या कळशीनं पाय धुतले. चांगले खळखळून. चेहऱ्यावरही मारलं. कळशी पालथी केली आणि वर पाहिलं, तर गयाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी. आत गेली, दुसरी कळशी उचलली आणि बाहेर पडली. गुरुजींनी खालमानेनं सांगितलं, ओढ्यातल्या झऱ्यावर वाटीवाटीनं भरावं लागतं. पहाटेपासून तीन कळश्या झाल्या होत्या. त्यातली एक मी पायांवर ओतली होती.

मी तिच्यामागं धावले. ओढ्यात वाळूचा खड्डा, त्यात तळाला हातभर पाणी. ती खड्ड्यात वाकली, मी वरून कळशी धरली. भरायला तास लागला.

“चुकले हो मी,” मी म्हटलं.

“तुमच्याकडं लई पानी का?”

“खूप. नकोसं होतं कधी कधी.”

ती खड्ड्यातून वर बघून हसली. “नकोसं पानी! हे एक ऱ्हायलं होतं ऐकायचं.”

रात्रीच्या जेवणाला मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी होती, कडेनं तुटणारी, आणि भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची, येसराची आमटी. ती आमटी इतकी झणझणीत होती की मला पाणी हवं होतं, आणि मागायची लाज वाटत होती. गयाबाईनंच तांब्या पुढं केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाझर तलावाच्या कामावर गेले. गावातले बहुतेक बायका-पुरुष तिथं मातीच्या पाट्या वाहत होते. मजुरांना कामावर खायला मिळणारी सुकडी वाटून झाली, माणसं बाभळीच्या विरळ सावलीत बसली, आणि गुरुजींनी मला पुस्तिकेचा मसुदा वाचायला सांगितलं. मी ढोकीची युक्ती केली. आधी कारखान्याच्या सभेचं सांगितलं, मग मुंबईचं. माना हलल्या. मी रंगात आले. आणि ते वाक्य वाचलं : विधानसभा हे खालचे सभागृह, विधानपरिषद हे वरचे सभागृह.

गयाबाईनं सुकडीचा घास हातातच ठेवला. “खालच्यात कोण बसतं?”

“तुम्ही मतं देऊन निवडता ते.”

“आन वरच्यात?”

“त्यांची निवड वेगळी असते. काहींना आमदार निवडतात, काहींना पदवीधर, शिक्षक. काहींची नेमणूक होते.”

“म्हंजी आमी मत दिलं, त्यो खालचा.”

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. “बाई, गावात वरली आळी हाय आन खालची आळी हाय. वरली हीर हाय, तिच्यात टँकर रिकामा हुतो. आमी खालचं, आमी वाळूत वाटी घालतो. आता मुंबईत बी तुमी आमचं मानूस खालीच बसिवलं व्हय?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं : इंग्रजीतून आलं, पद्धत आहे, अर्थ तसा नाही. सगळं खरं होतं, आणि त्या बाभळीखाली निरुपयोगी.

“मग काय म्हणायचं?” मी तिलाच विचारलं.

तिनं हातातला घास खाली ठेवला. “एक मताचं घर. दुसरं नेमनुकीचं. आन काय?”

“सगळी नेमणूक नसते,” गुरुजी म्हणाले.

“मग तुमी बगा, तुमी शिकल्याले हाय. पर आमचं ते मताचं घर. त्याला खाली म्हनू नगा.”

मी तिथंच, मातीत बसून, ते वाक्य खोडलं. वर लिहिलं : ‘विधानसभा – आपण मत देऊन भरलेलं घर.’ मला इतका आनंद झाला होता की पेन्सिलीचं टोक मोडलं.

ग्रामसभा

संध्याकाळी दवंडी फिरली : उद्या सकाळी चावडीपुढं ग्रामसभा, नव्या विहिरीची जागा ठरवायची आहे. दुष्काळात गावाला एक विहीर मंजूर झाली होती. ती मारुतीच्या मागं, वरल्या आळीत खणायची असं सगळे धरूनच चालले होते.

गयाबाईनं दवंडी ऐकली आणि चूल पेटवायला वळली.

“तुम्ही जाणार ना?” मी विचारलं.

“सभेला? भाषन ऐकाया?”

तेव्हा मला कळलं की सभा म्हणजे इथं ऐकायची गोष्ट आहे. पुढारी येतो, बोलतो, जातो. जिथं ठरतं ती बैठक, आणि बैठक चार माणसांची. मी म्हटलं, “गयाबाई, मतदार यादीत तुमचं नाव आहे ना? मग ग्रामसभेच्या तुम्ही सभासद आहात. कारखान्याच्या सभासदासारख्या. बोलायचा हक्क आहे, हात वर करायचा हक्क आहे.”

“म्या? सभासद?” ती गर्रकन वळली. “कायद्यात लिवलंय का?”

“हो.”

“कायदा केला कुनी?”

“विधानसभेनं. म्हणजे दोन्ही घरांनी, पण…”

“आमच्या मताच्या घरानं केला का न्हाय?”

“केला.”

“मग आमीच केला की!”

गुरुजी मात्र काळजीत होते. जेवताना मला म्हणाले, “बाई, तुम्ही परवा पुण्याला जाल. आम्ही इथंच राहणार. मी सरकारी नोकर, उद्या बदली झाली तर? आणि बहीण उद्या कामावर जाईल तेव्हा मुकादम तिच्याकडं कसा बघेल?” त्यांचं खरं होतं. माझा उत्साह तिथल्या तिथं थंड पडला. मी गयाबाईकडं बघून म्हटलं, “नका जाऊ, मी उगाच बोलले.”

“उगाच कसं?” ती म्हणाली. “कायदा म्या केलाय आन आता म्याच भ्यायचं व्हय?”

सकाळी ती निघाली. मागं खालच्या आळीतल्या आठ-दहा बायका. चावडीपुढं सतरंजी, तीवर पुरुष, मध्ये सरपंच पाटील आणि कागद घेऊन बसलेले ग्रामसेवक. खालच्या आळीतले पुरुष नेहमीप्रमाणं लांब, भिंतीच्या सावलीत उभे. बायका बघून कुजबूज झाली.

“काय गं गया? पानी न्हाय का आलं?” सरपंचांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नवल होतं.

“पान्याचंच बोलाया आलोय, पाटील. आमी सभासद हाय.”

कुणीतरी मोठ्यानं हसलं. सरपंचांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. ग्रामसेवकांनी चष्मा पुसला, मतदार यादी उघडली, बोट फिरवलं, आणि अगदी रुक्ष आवाजात म्हणाले, “नाव आहे. बसता येतं.”

सरपंचांनी सतरंजीकडं हात केला. “बसा मग.”

गयाबाई सतरंजीच्या कडेला बसली. कडेला, पण सतरंजीवर. तिच्या शेजारचे म्हातारे शेतकरी जरा चुळबुळले, मग त्यांनी धोतर आवरून जागा केली. मागच्या बायका बसल्या. मग भिंतीच्या सावलीतले पुरुषही आले. मी चावडीच्या खांबामागं उभी होते.

ती फार बोलली नाही. “हीर मारुतीमागं खनली तर आमचं पानी कोन शेंदनार? आमी हितं हात जोडून उभं. शाळेपाशी गायरान हाय, ते कुनाच्या मालकीचं न्हाय. तिथं खना. वरल्या आळीला बी जवळ, आमाला बी.”

“तिथं पाणी लागंल कशावरून?” एकजण म्हणाला.

“मारुतीमागं लागंल कशावरून?”

वाद झाला. आवाज चढले. एका तरुण जमीनदारानं “हे सगळं मास्तर शिकवतोय” असं गुरुजींकडं बोट दाखवून म्हटलं. गुरुजींचा चेहरा उतरला, पण ते उठले आणि म्हणाले, “शिकवणं माझं कामच आहे.” त्यावर सगळ्यात आधी हसले ते सरपंच. मग धनगरवाड्यातले दोघे म्हणाले, गायरान आम्हालाही जवळ पडतं. मग धोतर आवरणारे म्हातारेबुवा म्हणाले, “माझी सून बी रोज वरल्या हिरीची चढन चढती.”

“हात वर करा,” ग्रामसेवक म्हणाले.

गयाबाईचा हात सगळ्यात आधी वर गेला, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. ग्रामसेवकांनी दोनदा मोजलं. गायरान मंजूर झालं. तिनं मागं वळून, मला शोधून, विचारलं, “आता हे लिवून घेत्यात ना?”

“घेतायत,” मी म्हटलं.

पुणे

परत आल्यावर साहेबांनी मसुदा वाचला. ‘मताचं घर’ या शब्दावर त्यांची लाल पेन्सिल बराच वेळ थांबली. समितीपुढं जाईल, अधिकृत शब्द नाही, असं म्हणाले. मी भांडले. असं भांडण मी नोकरीत कधी केलं नव्हतं. अखेर असं ठरलं की विधानसभा, विधानपरिषद ही नावं तशीच राहतील, पण ‘खालचे’ आणि ‘वरचे’ पुस्तिकेत कुठंही येणार नाही. ‘मताचं घर’ एका चित्राखाली, धड्याच्या शेवटी, अगदी लहान अक्षरांत छापायला त्यांनी परवानगी दिली.

छापलेल्या पुस्तिका मी गुरुजींना पाठवल्या. दोन महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर नेटकं, मजकूर मोजका. बदली अजून झालेली नाही. वर्गात बायका वाढल्या आहेत. आणि शेवटी :

‘गायरानातल्या विहिरीला पाणी लागले. ताई सांगते की बाईंना कळवा, पाणी खारट आहे, पण सगळ्या गावाला सारखेच खारट आहे.’